पेपरात आलेला घटस्फोट

आर्डेथ क्लाइनचा घटस्फोट आमच्या अख्ख्या हॅलोवेल काउंटीला मान्य होता. तो झालाच नव्हता हे गेल्या मे महिन्यात कळलं, म्हणजे तीसेक वर्षांनी.

मी ट्रूडी. कोर्टासमोर माझं केस कापायचं दुकान आहे आणि आर्डेथच्या डोक्यावरचा प्रत्येक केस मला ओळखतो. त्यामुळे हे मीच सांगणार. तिची बहीणही सांगते, पण ती सुरुवातीपासूनच रडायला लागते आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं कोणीतरी मेलं. कोणी मेलेलं नाही.

आर्डेथ शाळेची बस चालवायची. उंच बाई, आवाज खणखणीत. मागच्या बाकावर पोरं मारामारी करायला लागली की ही चढावावर मधेच बस उभी करायची आणि विणकाम काढून बसायची. पोरांनी एकमेकांची माफी मागेपर्यंत बस हलायची नाही. दोन पिढ्या तिने अशा सरळ केल्या. तिचा नवरा हार्लन लाकडाच्या गिरणीत होता. त्याला पिण्याचं व्यसन नव्हतं, हात उगारणं नव्हतं, बाहेर काही भानगड नव्हती. फक्त तो बोलायचा नाही. एकदा तिने वसंतात विचारलं, पोर्च रंगवायचा का? त्याने नोव्हेंबरात टर्की कापता कापता उत्तर दिलं, "हो, रंगवू." तोवर तिने तो रंगवून पाच महिने झाले होते, आणि तो रोज त्याच पोर्चवरून कामाला जात होता.

अशा माणसाबरोबर बारा वर्षं काढणं सोपं नाही हो. तरी तिने काढली. मग तिची आई गेली. दफनाहून परत आल्यावर आर्डेथ स्वयंपाकघरात कोट न काढता बसून राहिली. हार्लनने तिच्याकडे पाहिलं, थोडा वेळ उभा राहिला आणि बाहेर जाऊन तिच्या गाडीचं तेल बदलायला लागला. दुसऱ्या आठवड्यात ती कोर्टात गेली.

घटस्फोटाचे अर्ज आमच्याकडे तळमजल्यावर प्रोथोनोटरीच्या, म्हणजे कोर्टाच्या मुख्य कारकुनाच्या, कचेरीत घेतात. हा शब्द पेनसिल्व्हेनियात जन्म काढूनही आम्हा कुणाला धड म्हणता येत नाही, त्यामुळे सगळे नुसतं "खाली" म्हणतात. खालच्या बाईने अर्ज घेतला आणि सांगितलं की नवऱ्याला कागद पोचतील, तीन महिन्यांनी दोघांनी येऊन संमतीच्या सह्या करायच्या, मग न्यायाधीश हुकूम काढतील. आर्डेथने ऐकलं असेल. पण त्याच गुरुवारी आमचा साप्ताहिक पेपर आला. "कोर्टातून" या सदरात, एका शेताची विक्री आणि एका पिऊन गाडी चालवणाऱ्याचा दंड यांच्या मधे छापलं होतं: आर्डेथ क्लाइन विरुद्ध हार्लन क्लाइन, घटस्फोट.

आता आमच्याकडे पेपरात आलं की झालं. मागे एकदा लेस्टर बॉयरचं नाव चुकून मृतांच्या यादीत आलं, तर लोक सांत्वनाला भाजलेलं हॅम घेऊन त्याच्या घरी गेले. लेस्टरने दार उघडलं, आभार मानले आणि हॅम ठेवून घेतलं. आर्डेथकडे संध्याकाळपर्यंत चीज-बटाट्याची सात भांडी आली. एक माझं होतं. पाद्रीबाबांच्या बायकोने तिला मिठी मारली आणि "आता मागे बघू नकोस" म्हणाली. त्यानंतर कोर्टात परत जायचं कुणाला सुचणार? शनिवारी हार्लन दोन पेट्या आणि बंदूक घेऊन टेकडीवरच्या आपल्या शिकारीच्या खोपीत राहायला गेला. अख्ख्या गावात एक तोच पेपर घेत नसे.

पुढे सगळं इतकं शहाण्यासारखं चाललं की लोक आपापसात भांडताना त्यांचं उदाहरण द्यायचे. बर्फ पडला की उजाडायच्या आत हार्लन पिकअपला फाळ लावून तिच्या घराचा रस्ता मोकळा करून जायचा, म्हणजे तिची बस वेळेवर निघावी. हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला की तिच्या पोर्चवर हरणाची मागची तंगडी टांगलेली दिसायची. ती त्याच्या टपालपेटीवर सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या ठेवायची. एकदा त्याचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा हॉस्पिटलने तिला फोन केला, कारण त्याने पत्नी म्हणून तिचं नाव सांगितलं होतं.

"अगं, दुसरं आहे कोण त्याला?" आर्डेथ मला म्हणाली आणि शेवयांचं सूप घेऊन गेली.

मग दोन वर्षांपूर्वी एम्मेट विंगर्टची बायको गेली. एम्मेट टेलिफोनच्या खांबांवर चढायचं काम करायचा आणि माझी खात्री आहे की खांबावर एकटा असतानाही बोलत असणार. माझ्या खुर्चीत बसला की दर मिनिटाला मान वळवतो. त्याचे कान अजून जागेवर आहेत याचं श्रेय मला द्या. लेंटमधल्या, म्हणजे इस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या, शुक्रवारी बंबखान्यात मासे तळतात, तिथे तो आर्डेथच्या शेजारी बसायला लागला. आणि बाई, आर्डेथ हसायला लागली! मी तिला इतकी वर्षं ओळखते, तिचा वरचा एक दात सोन्याचा आहे हे मला तेव्हा कळलं. इस्टरला त्याने मागणी घातली, तिने हो म्हटलं. सप्टेंबरात बंबखान्याचा हॉल ठरला. आमच्याकडे लग्नात केकपेक्षा बिस्किटांच्या टेबलाला मान असतो, त्यामुळे बायकांनी एप्रिलपासूनच भाजून भाजून फ्रीजर भरायला घेतले.

मे महिन्यात आम्ही तिघं लग्नाचा परवाना काढायला गेलो. मी कशाला गेले असं विचारू नका, मी सगळीकडे जाते. परवाना वरच्या मजल्यावर अनाथांच्या कोर्टात मिळतो. तो तिथेच का, हे मला माहीत नाही आणि तिथल्या माणसालाही माहीत नाही. त्याने आर्डेथला विचारलं, "आधीचं लग्न?"

"घटस्फोट झाला."

"हुकमाची प्रत लागेल. खाली मिळेल."

आम्ही खाली गेलो. काउंटरवर केसी नावाची मुलगी होती, नखं सुंदर रंगवलेली. तिने संगणकात पाहिलं, मग इतकं जुनं तळघरात असतं म्हणून तळघरात गेली. बऱ्याच वेळाने वर आली.

"तुमचा अर्ज आहे," ती म्हणाली. "तुमच्या मिस्टरांना कागद मिळाल्याची सही आहे. पुढे काही नाही."

"पुढे काय असायला हवं?" आर्डेथने विचारलं.

"घटस्फोट."

"अगं, पण पेपरात आलं होतं!" मी म्हटलं.

"पेपरात अर्ज आला होता, मॅडम. दर आठवड्याला येतात. तुम्ही सह्या करायला आलाच नाहीत, म्हणून दोनतीन वर्षांनी कोर्टाने प्रकरण बंद केलं." मग आर्डेथकडे बघून ती जरा हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही विवाहित आहात."

एम्मेटने तोंड उघडलं आणि परत मिटलं. त्याला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गाडीत बसल्यावर त्याला कंठ फुटला. "आर्डी, माझ्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्यात," तो म्हणाला. "वर्षभर कोर्टकचेरी करायला माझी हरकत नाही, पण माझ्या छातीला विचारावं लागेल."

कारण भानगड अशी होती. नव्याने अर्ज करायचा, तो इथेच करता येत होता, दोघंही इथलेच. पण तीन महिन्यांनी हार्लनने संमतीची सही केली तरच सप्टेंबर गाठता येणार होता. त्याने नाही म्हटलं तर वकील, सुनावण्या, वेगळं राहिल्याचे पुरावे. आणि हार्लन कशालाच नाही म्हणत नसे. तो काहीच म्हणत नसे, हीच तर अडचण होती.

अर्जदाराने स्वतः कागद द्यायचे नसतात, म्हणून मी टेकडीवर गेले. हार्लन खोपीसमोर लाकडं फोडत होता. त्याने कुऱ्हाड ठेवली, हात पुसले आणि सगळे कागद वाचले. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, मागची बाजूसुद्धा. हा माणूस टोस्टर घेतला तरी त्याचं माहितीपत्रक वाचणारा.

"पुन्हा?" तो म्हणाला.

मला वाटलं थट्टा करतोय. पण हार्लनने कधी थट्टा केलेली नाही.

"ऑगस्टमध्ये येशील ना सही करायला?" मी विचारलं. "तिच्या लग्नाचा प्रश्न आहे, हार्लन." त्याने कागद मिळाल्याची सही केली आणि कुऱ्हाड उचलली. मी परत येताना गाडीत त्याला काय काय शिव्या दिल्या ते इथे सांगत नाही.

तीन महिने आर्डेथने कसे काढले ते मला माहीत आहे, कारण तिचे केस गळायला लागले. "तो नाही आला तर?" ती विचारायची. मी म्हणायचे, येईल. ती म्हणायची, तुला काय माहीत. खरंच, मला काय माहीत?

ऑगस्टमध्ये ठरलेल्या दिवशी आम्ही गेलो. एम्मेट बाहेर गाडीपाशी थांबला, कारण आत आला तर बोलत बसेल असं तोच म्हणाला. आणि आत बाकावर हार्लन बसलेला होता! इस्त्रीचा पांढरा शर्ट, ओले करून विंचरलेले केस. केसी म्हणाली की कचेरी उघडली तेव्हापासून बसलेत. मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच्या खांद्यावर थाप मारली. केसीने दोन कागद ठेवले आणि पेन त्याच्यापुढे केलं.

"तिला आधी करू दे," हार्लन म्हणाला. "मागच्या वेळी मी थांबलो होतो."

"कुठे थांबला होतास?" आर्डेथने विचारलं.

"इथे."

मी त्याला इतकं सलग बोलताना आयुष्यात ऐकलं नव्हतं. "तीन महिन्यांनी दोघांनी यायचं असं कागदावर होतं. मी आलो. त्या बाई म्हणाल्या, सही करा. मी म्हटलं, तिला येऊ द्या. तू आली नाहीस. मग कचेरी बंद झाली."

"मग?"

"मग मला वाटलं, तुझं मन बदललं."

केसीचा शिक्का हातातच राहिला. आर्डेथने काउंटरची कड धरली.

"मला वाटलं सगळं झालं, हार्लन. पेपरात आलं होतं."

"मी पेपर घेत नाही."

"आणि मन बदललं असं वाटलं, तर घरी का नाही आलास?"

"तू बोलावशील असं वाटलं."

"तीस वर्षं?"

हार्लनने यावर विचार केला. "घाई नव्हती," तो म्हणाला.

तीस वर्षं आम्ही सगळे त्याला आर्डेथचा आधीचा नवरा म्हणत आलो होतो. तो मात्र नवराच होता. नवरा म्हणून रस्ता मोकळा करत होता, नवरा म्हणून मांस टांगत होता.

"तुला हा एम्मेट हवाय?" त्याने विचारलं.

"हो."

"बोलतो का तो?"

"फार बोलतो."

"बरं," हार्लन म्हणाला आणि तिची वाट न बघता त्याने सही केली. पेन नीट टोपण लावून तिच्यापुढे ठेवलं. तिने सही केली. तिचं अक्षर शाळेच्या मास्तरणीसारखं असतं, पण त्या दिवशीची सही केसीला दोनदा तपासून बघावी लागली. हार्लनने केसीला विचारलं, आणखी काही आहे का? ती म्हणाली, नाही, हुकूम टपालाने येईल. त्याने मान हलवली आणि गेला.

आर्डेथ बाथरूममध्ये शिरली आणि मी तिच्या मागे. सिंकला धरून ती इतकी रडली की माझेही डोळे वाहायला लागले.

"पहिले दोन हिवाळे मी दोन कप कॉफी ओतायचे, ट्रूडी," ती म्हणाली. "तो बाहेर बर्फ काढत असायचा. वाटायचं, आज दार वाजवेल. एकदा जरी वाजवलं असतं ना गाढवाने, मी उघडलं असतं. घटस्फोट झालाय म्हणून मी बोलावलं नाही. कुठल्या तोंडाने बोलावू?"

"कागद अजून न्यायाधीशाकडे गेलेले नाहीत," मी म्हटलं. म्हणायला नको होतं, पण म्हटलं. "केसी परत देईल."

आर्डेथने तोंड धुतलं. कागदी टॉवेलने पुसलं. आरशात बघून केस सारखे केले, मी हात लावायला गेले तर माझा हात बाजूला केला.

"नको," ती म्हणाली. "त्याला तीस वर्षांत जे विचारता आलं नाही, ते मलाही आलं नाही. आम्ही दोघं परत तेच करू. चल, एम्मेट उन्हात उभा असेल."

एम्मेट कोर्टाच्या दारातच होता. तिचा चेहरा पाहिल्या पाहिल्या त्याने टोपी काढली. "रडलीस?" तो म्हणाला. "का रडलीस? काय झालं, आर्डी?"

ती पायरीवर बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. तो शेजारी बसला आणि तिचं सांगून होईपर्यंत एक शब्द बोलला नाही.