स्लॅबचं पाणी

बहात्तरच्या दुष्काळात खर्ड्याजवळच्या एका वाडीवर शाळा उभी राहत होती. तिथं चांगुणा स्लॅबवर पाणी मारायच्या कामावर होती. नवरा ऊसतोडीला गेला तो परतलाच नाही; पदरात एक मुलगी, यंदा पहिलीत जाणारी.

शाळा मोठी जगावेगळी. विलायतेत शिकून आलेल्या इंजिनियरसाहेबांनी तिकडच्या नव्या शाळांसारखा नकाशा काढला होता: सपाट, पातळ छत आणि भिंतीच्या जागी वरपर्यंत काचा. लोकांना इंग्रजी इमारत म्हणजे तालुक्याच्या कचेरीसारखी, दोन हात जाड दगडाची, एवढंच ठाऊक.

"ह्या पापडाखाली पोरं बसवायची व्हय?" म्हातारे विचारत.

गवंडी अल्लाबक्षचाचा हसायचे. "आत लोखंड हाय. फकस्त चौदा दिवस पानी पाजायचं, न्हाई तर तडकंल. चांगुणे, ते तुझ्याकडं."

तिसऱ्या दिवशी चाचा खिडक्यांच्या चौकटी आणायला नगरला गेले, आणि वाडीवरच्या बायका हंडे घेऊन स्लॅबसाठी टँकरनं भरलेल्या पिंपांपाशी आल्या. त्यातल्या रंगुबाईच्या कडेवरचं पोर तहानेनं मान टाकून पडलं होतं. चांगुणाच्या तोंडून 'नाही' निघेना. पाच दिवस ती पिंपांतलं पाणी वाटत राहिली. ओल धरायला स्लॅबवर अंथरलेली पोती उन्हात खडखडीत वाळली.

चाचा परत आल्यावर तिनं भरपूर पाणी मारलं, पण पोत्यांखाली स्लॅबवर केसासारख्या भेगा दिसल्या. एकीत तिनं नख घालून पाहिलं, ते आत गेलं. कुठं फळी पडली तरी ती दचकून शाळेकडं धावायची.

तीन आठवडे भरले. "आज छताखालचे टेकू काढू, सोमवारी पोरं आत," चाचा म्हणाले आणि पहिल्या टेकूवर हातोडा उगारला. चांगुणानं धावत जाऊन टेकूला मिठीच मारली.

"चाचा, थांबा! म्या पाच दिस पानी मारलं न्हाई. बायांना प्यायला दिलं."

चाचांनी हातोडा खाली ठेवला. मग साहेबांना निरोप धाडला. साहेब आले, तापले; पण चाचा म्हणाले, "देखरेख माझी हुती. मला बोला."

छताचा जोर अजमावायला साहेबांनी त्यावर वाळूची पोती रचायला लावली. टेकू बोटभर सैल करून तसेच ठेवले आणि सगळ्यांना छताखालून बाहेर काढलं. एकेक पोतं चढत गेलं. तीन वर्गांची छतं टिकली. चौथ्यावर निम्मी पोती चढली तोच कडकन आवाज झाला. छत वाकून टेकूंवर बसलं. त्याच वर्गात पहिली भरणार होती, चांगुणाच्या मुलीची.

साहेबांनी ते छत फोडून नवं टाकलं. पाणी मारायला पुन्हा तिलाच ठेवलं. चाचांनी तसा हट्टच धरला. साहेबांनी गावासाठी दुसरा टँकरही तहसिलीतून मंजूर करून घेतला.

शाळा भरली, चांगली चालली. चांगुणा मात्र कधी आत गेली नाही. दुपारी भाकरी घेऊन यायची आणि अंगणातल्या लिंबाखालून हाक मारायची, "ये गं भाईर, हितंच खा."

मास्तर म्हणायचे, "आत बसा की, बाई."

"नगं, हितंच बरी हाय," असं म्हणून ती मुलीचा शेवटचा घास होईस्तोवर छताकडं पाहत राहायची.