आढी कोण उघडतं?

परीक्षेसाठी मी महिनाभर रत्नागिरीत मावशीकडे राहिलो होतो. शेवटचा पेपर देऊन संध्याकाळी गावी आलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर आई चुलीपुढे बसलेली. मला आधी वाटलं, तिला बरं नसेल. मे महिना लागला होता. एव्हाना ती गावाबाहेरचा कातळाचा सडा ओलांडून कारखान्यात पोचलेली असायला हवी होती.

"आये, तू गेली नाहीस?"

"बोलावणा नाय आला."

"आणि वाडीतल्या बाकीच्या?"

"त्या गेल्या की. आजपासून आंबा कापायला सुरू."

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आंब्याचा रस डबाबंद करणारा एक कारखाना होता. मी चौथीत होतो तेव्हापासून आई दर हंगामाला तिथे जायची. हंगामाच्या बायकांना मुकादम घरोघरी निरोप धाडायचे. निरोपाशिवाय कोणी जायचं नाही, हा रिवाज. आईला इतरांच्या दोन दिवस आधी निरोप यायचा. का आधी, हे मी कधी विचारलं नव्हतं.

"पण तुला का नाही?"

आईने भाकरी उलटली. "मशीनसाठी नवा कागद झालाय म्हणे. त्यात ज्यांचा काम हाय त्यांनाच बोलावला. माझा काम कागदावर नाय."

हातातला तांब्या कुठे ठेवला तेही आठवत नाही. तो कागद मी लिहिला होता.

झालं असं होतं. डिसेंबरात कारखान्यात कॉम्प्युटर आला. गावात तोवर कोणी तो पाहिला नव्हता. त्याच्यासाठी एक खोली थंड केली होती आणि आत जाताना चपला काढायला लागायच्या. बायका म्हणायच्या, देवच आणून बसवलाय. त्यावर प्रोग्रॅम लिहायला पुण्याहून एक इंजिनीअर आले होते. कारखान्यात काम कसं चालतं, हे माणसांना विचारून लिहून आणणारा कोणीतरी त्यांना हवा होता. आमच्या गणिताच्या सरांनी माझं नाव सुचवलं. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील मुंबईत छापखान्यात कामाला, त्यांनी पत्रात लिहिलं, "साहेब सांगतील तसं कर, उलट बोलू नको."

आज या कामाला मोठी नावं आहेत. बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हणतात. पुढे मीही तेच काम पोटापाण्यासाठी केलं. पण तेव्हा इंजिनीअर मला एवढंच म्हणाले होते, "प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचार. कोण करतं, कशावरून ठरवतं आणि पुढे कोणाकडे देतं. मग प्रत्येक कामाची एक चौकट काढ आणि बाणांनी जोड. मला तुझ्या चौकटींवरून प्रोग्रॅम लिहायचाय. चौकटीत नसेल ते मशीनला कळणार नाही."

मी वही घेऊन फिरलो. वजनकाट्यावर विचारलं, बॉयलरवर विचारलं, डबे बंद करणाऱ्यांना विचारलं. गोदामात मुकादमांना विचारलं. आंबा आला की गोदामात भाताच्या पेंढ्यात रचून ठेवतात. त्या रचलेल्या ढिगाला आढी म्हणतात. पेंढ्याच्या उबेत फळ पिकतं, मग आढी उघडून कापायला देतात. मी विचारलं, "काका, कोणती आढी आधी उघडायची हे कशावरून ठरतं?" त्यांनी वही पुढे केली. वहीत सगळं तारखेने होतं. पहिली आली ती पहिली उघडली, दुसरी ती दुसरी. मी चौकट काढली: आढी उघडणे, तारखेप्रमाणे. मुकादमांनी कागदाखाली सही केली.

आईलाही विचारलं होतं. खोटं कशाला सांगू, अगदीच नाही विचारलं असं नाही. ती रात्रीच्या भाकऱ्या थापत होती आणि मी जेवता जेवता म्हटलं, "तू कारखान्यात काय करतेस गं?" ती म्हणाली, "काय नाय. पेंढा वर-खाली करते." मी कच्च्या वहीत लिहिलं, पेंढा वर-खाली करणे. पक्क्या कागदावर उतरवताना ते गाळलं. त्यावरून काही ठरत नव्हतं, पुढे कोणाला काही दिलं जात नव्हतं. त्याला चौकट कशी काढणार?

इंजिनीअरांनी तेव्हा सहज विचारलं होतं, "तुझ्या ओळखीचं कोणी आहे का रे इथे कामाला? असेल तर बरं, मोकळेपणाने बोलतील." मी नाही म्हणालो.

त्या सकाळी सदरा घातला आणि तसाच कारखान्याकडे निघालो. आई मागून म्हणाली, "भाकरी खाऊन जा." मी थांबलो नाही.

गोदामाच्या दाराशी पोचलो तेव्हाच वास आला. पिकल्या आंब्याचा वास मला लहानपणापासून माहीत होता. हा तो नव्हता. आंबूस होता, घशाला लागणारा. आत मशीनच्या यादीप्रमाणे पहिल्या तीन आढ्या उघडल्या होत्या. पेंढा बाजूला पडला होता आणि खाली फळं हिरवी, दगडासारखी. बायका कापायच्या टेबलांपुढे सुऱ्या घेऊन रिकाम्या बसल्या होत्या. आमच्या वाडीतली एक म्हातारी मला बघून म्हणाली, "आलास? मेल्या, तुझ्या मशीनला नाक बसवायला इसरलास काय?"

दुसरी म्हणाली, "नाक कशाला? आता लोणचाच घालूया. बरण्या आणायला सांग तुझ्या साहेबाला."

सगळ्या हसल्या.

आंबूस वास पश्चिमेच्या भिंतीकडून येत होता. तिथल्या आढीचा नंबर यादीत चार दिवसांनंतर होता. एका गड्याने वरचा पेंढा उचलला आणि तोंड फिरवलं. फळं काळवंडून एकमेकांत बसली होती. खालून रस झिरपून फरशीवर आला होता आणि त्यावर माश्या. मी एवढा आंबा असा कधी पाहिला नव्हता. कोणाच्या तरी बागेत वर्षभर राखलेलं फळ माझ्या एका चौकटीमुळे असं झालं होतं.

इंजिनीअर हातात छापलेली लांब यादी धरून उभे होते. तोंड पांढरं पडलं होतं. "तारखेप्रमाणे बरोबर आहे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "वहीतसुद्धा सगळं तारखेप्रमाणेच आहे. मी तपासलंय."

मी मुकादमांकडे वळलो. "काका, वहीत असंच होतं ना?"

मुकादमांनी टोपी काढून डोक्यावरून हात फिरवला. "वही मी मागाहून लिवतो रे. मागेपुढे दिसला की वरचे साहेब ओरडतात. म्हणून तारखेनं लावून लिवतो."

"मग खरं कोण ठरवतं, कोणती आढी उघडायची?"

मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं असावं.

"कोण म्हणजे? तुझी आई."

मुकादमांनी रचलेल्या आढ्यांकडे हात केला.

"रोज सकाळी येऊन सगळ्या आढ्यांत हात घालते ती. तयार असेल तिथं पेंढ्याची गाठ मारून ठेवते. गाठ बघायची नि आढी काढायची. दहा वर्सा असाच चाललाय."

"मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"तुला काय सांगायचा? घरात आई-मुलगा रोज एकत्र जेवता. मी म्हटला, त्याला ठाऊकच असणार. आणि कागदावर तिचा नाव नाय बघितला तेव्हा म्हटला, शिकलेला पोरगा हाय, आईला आता बसून राहा म्हणाला असेल."

इंजिनीअर हळूच म्हणाले, "तुझी आई? तुझी आई इथे काम करते?"

"हो सर."

"डिसेंबरात मी तुला विचारलं होतं."

"हो सर."

त्यांनी मान वळवून पुन्हा यादी उघडली. ओरडले असते तर बरं झालं असतं. मॅनेजर आले, त्यांनी फरशीवरचा रस पाहिला आणि मुकादमांना एवढंच म्हणाले, "त्या बाईंना बोलवा."

निरोप धाडायला माणूस होता, पण मुकादम स्वतः निघाले. मी त्यांच्या मागे. सड्यावर ऊन चढलं होतं, पायाखालचा जांभा दगड तापला होता.

आई अंगणात होती. मुकादमांना बघून तिने डोक्यावर पदर घेतला.

"वयनी, बोलावणा हाय," मुकादम म्हणाले.

"बोलावणा करायला आलात, भावोजी, की आंबा सडला म्हणून आलात?"

"दोन्ही."

आईला हसू आलं. "पाणी घ्या आधी." ती आत गेली, नेसण वर खोचून बाहेर आली. भाकरी फडक्यात बांधून तिने माझ्या हातात दिली आणि चालू लागली. ती नेहमी भरभर चालायची. मुकादम मागे पडले तेव्हा मी तिला गाठलं.

"आये, मी तुला विचारलं होतं तेव्हा तू सांगितलं नाहीस. पेंढा वर-खाली करते म्हणालीस."

"तेच करते की."

"पण तू ठरवतेस सगळं. हे का नाही बोललीस?"

"ह्यात काय बोलायचा? हातालाच कळतो." ती थोडं चालली आणि मग म्हणाली, "आणि कागदावर नाय ता कळला तेव्हा मला वाटला, तू मुद्दाम सोडलास."

"मुद्दाम? मुद्दाम कशाला सोडीन मी?"

"कॉलेजातल्या मुलाची आई पेंढ्यात बसते. ता साहेबाला कशाला कळायला पायजे. म्हणून मी गप बसले. राग नाय रे त्यात. मुकादमाला पण काय बोलले नाय. तुझा काम झाला असता, बस झाला."

माझे पाय थांबले. ती पुढे गेली. मला ओरडून सांगायचं होतं, तसं नाही, मी चुकून गाळलं, त्यावरून काही ठरत नाही असं वाटलं म्हणून गाळलं. ते खरंही होतं. पण डिसेंबरात त्या थंड खोलीत मी नाही म्हणालो होतो, तेही खरं होतं. तिला ते कोणी सांगितलेलं नव्हतं. तिला माहीत होतं. आणि निरोपाची वाट बघत तिने ते स्वतःजवळ ठेवलं होतं. गोदामातल्या नासलेल्या आढीने मला एवढा धक्का दिला नव्हता. मी धावत तिला गाठलं. भाकरीचं फडकं दोन्ही हातांनी धरून तिच्या मागे चालत राहिलो.

गोदामात शिरताच तिने चपला काढल्या. पश्चिमेच्या भिंतीजवळ जाऊन नुसती मान हलवली आणि म्हणाली, "ही गेली. दुपारचा ऊन ह्या भिंतीला लागतो. इथली नेहमी आधी काढायची." मग एकेका आढीत कोपरापर्यंत हात घालत ती फिरायला लागली. हात बाहेर काढून तळवा नाकाशी धरायची. काही ठिकाणी पुढे जायची, काही ठिकाणी पेंढ्याच्या चार काड्या ओढून पीळ देऊन गाठ मारायची. डिसेंबरात हे गोदाम रिकामं होतं. आंबा नसताना मी आंब्याचं काम विचारत फिरलो होतो.

इंजिनीअर वही घेऊन आमच्या मागे येत होते. थोड्या वेळाने त्यांनी मला विचारलं, "या..." आणि थांबले.

"माझी आई," मी म्हणालो. जरा जास्तच मोठ्याने म्हणालो असेन, टेबलांकडच्या दोघी-तिघींनी वळून पाहिलं.

त्यांनी मान लववून आईला नमस्कार केला. ती गोंधळली, हाताला लागलेला पेंढा झटकत राहिली. "त्यांना विचार," ते मला म्हणाले, "किती गरम लागलं की तयार समजायचं?"

मी विचारलं. आईने थोडा विचार केला. "तुला लहानपणी ताप यायचा ना? तेव्हा कपाळ लागायचा, तेवढा. त्याच्यावर गेला की नासला."

इंजिनीअरांचं पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं. मी माझ्या वहीत लिहिलं, जसं ती म्हणाली तसंच.

दुपारी थंड खोलीत नवा कागद पसरला. मॅनेजरही होते. आई दाराबाहेर उभी, आत यायला तयार नाही. इंजिनीअर म्हणाले, तारखेची चौकट काढून टाकू. रोज सकाळी त्या दिवशीच्या तयार आढ्यांचे नंबर मशीनला हाताने द्यायचे. मशीन बाकीचं बघेल. मग त्यांनी विचारलं, "ही चौकट कोणाची?"

"मुकादम लिहा," मॅनेजर म्हणाले. "गोदाम त्यांच्याकडे आहे. हंगामाच्या बाईचं काम कागदावर कशाला? उद्या ती नाही आली तर?"

मुकादम दाराशी आईजवळ उभे होते. ते खाली बघत राहिले. वडिलांचं पत्र मला आठवत होतं. पण पेन्सिल माझ्याच हातात होती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "मुकादम गाठ बघतात. गाठ ती मारते. ती नाही आली तर काय होतं ते आज झालंय ना साहेब."

मॅनेजर उठता उठता म्हणाले, "लिही. तुझाच कागद आहे."

मी चौकट काढली. त्यात लिहिलं: आढी पाहणे. करणार, आढी पाहणारी बाई. ठरवते, हात आणि वासावरून. पुढे देते, मुकादमांकडे. एक बाजू वाकडी आली.

बाहेर आल्यावर आईने विचारलं, "काय लिवलास?"

मी वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं.

"बरा हाय," ती म्हणाली. "पण दारासमोरच्या दोन आढ्या उद्या सकाळपर्यंत थांबायच्या नायत. ता लिव आधी."