बांधावरच्या आईचा मान

आमच्या गावात धर्मराजदादांना सगळे चेष्टेनं कुलगुरू म्हणत. विद्यापीठाच्या गेटवर रोज सकाळी हजर राहणारा दुसरा होता कोण? खरे कुलगुरूही इतके नियमित नव्हते.

विद्यापीठ उभं आहे ती जमीन दादांची. खाडीकाठची, भाताची. तिच्या बांधावर शेंदूर फासलेला एक दगड होता, तीच आमची बांधावरची आई. पेरणीआधी दादांच्या घरातल्या कर्त्यानं तिच्यापुढे पहिला नारळ फोडायचा, मगच गावानं शेतात पाय टाकायचा. हा त्यांचा मान. कॉलेजला जमीन देताना दादांनी किमतीसाठी घासाघीस केलीच नाही. एवढंच म्हणाले, "आई जागेवर ऱ्हायली पायजे, नि मान आमचा." संस्थापक साहेबांनी लगेच हात जोडले. आई जागेवर आहे तोवर जमीन आपलीच, अशी दादांची समजूत. शुद्ध मूर्खपणा. पण तेव्हा अख्ख्या गावाची तीच समजूत होती.

पत्र्याच्या शेडमधलं कॉलेज वाढत वाढत विद्यापीठ झालं. काचेच्या प्रयोगशाळा झाल्या, परदेशातून संशोधक यायला लागले, हिरवळीवर गिटार वाजवणारी पोरं बसायला लागली. आईचा कोपरा मात्र पत्रे ठोकून बंद झाला. वॉचमन म्हणायचा, "काम चालू आहे, नंतर या." दादांच्या मुलाकडे, विपुलकडे, तिथलं भरावाचं कंत्राट होतं. तो सांगायचा, "आई हाय जागेवर. टेन्शन नका घेव, बाबा." पोटच्या पोराचा शब्द! दरवर्षी पेरणीच्या दिवसांत दादा गेटवरून नारळ परत आणत राहिले.

यंदा विद्यापीठाचा रौप्यमहोत्सव. पहिला नारळ फोडायला दादांना बोलावणं आलं. म्हातारा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून निघाला.

सभागृहाच्या स्टेजवर आई होती. दादांनी डोळे मिटले आणि नारळ आपटला. ढप्प असा पोकळ आवाज आला. नारळ फुटला नाही, आईला पोचा पडला. पोरं खो खो हसली.

"आजोबा, हळू! फायबरची आहे," कार्यक्रम सांभाळणारी दीक्षा नावाची विद्यार्थिनी म्हणाली.

"मंग माजी आई कुटं हाय?"

तेवढ्यात मागच्या पडद्यावर विद्यापीठाच्या इतिहासाची फिल्म सुरू झाली. ग्रंथालयाची पायाभरणी. बांधावर शेंदरी दगड, आणि त्याच्यावर माती ओतणारा डंपर. डंपरच्या कपाळावर लिहिलेलं होतं: 'बांधावरच्या आईची कृपा'. टाळ्या पडल्या.

विपुल पहिल्या रांगेत शाल पांघरून बसला होता. तो उठून बापाजवळ आला.

"तूच गाडलीस?" दादांनी विचारलं.

"मी नसती गाडली तं दुसऱ्यानं गाडली आसती. आता तमाशा नको, बाबा. नव्या होस्टेलच्या भरावाचा बोलना चाललाय."

दीक्षानं दुसरा नारळ आणला. आधीच फोडून दोन्ही वाट्या जुळवून ठेवलेला. "आजोबा, व्हिडिओ राहिलाय. जोर नका लावू, नुसता हात लावा."

दादांनी पोराकडे पाहिलं. पोरानं हात जोडले, अगदी संस्थापक साहेबांनी जोडले होते तसे.

दादांनी नारळाला हात लावला. वाट्या अलगद सुटल्या आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं.