दोन पांढऱ्या पट्ट्यांची रायफल

आजोबांची फौजी रायफल आता माझ्याकडे आहे. तिच्या लाकडावर दोन पांढरे पट्टे आहेत. ते आजोबांनी जिंकलेल्या दोन लढायांचे, असं धरणगावात आमच्या अख्ख्या गल्लीला पाठ. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, तेव्हा तिथेही मी हेच ऐटीत सांगायचो.

यंदा रांगेत माझ्या मागे एक निवृत्त सुभेदार होते. त्यांनी रायफल हातात घेतली. नळीच्या मागच्या टोकाला दरवर्षीच्या दसऱ्याच्या पूजेचं कुंकू घट्ट बसलं होतं. त्यांनी ते काडीने कोरलं, तर खाली भोक!

"ही कवायतीची रायफल. पट्टे त्याचीच खूण. गोळी सुटू नये म्हणून हे भोक पाडतात."

सगळी रांग हसली. मी गल्लीभर तणतणतच घरी आलो. आजोबा चोरांपासून कपाशी राखायला जन्मभर हीच घेऊन गेले, आणि आम्हालाही बनवलं!

अक्का, म्हणजे माझी थोरली आत्या, कापूस निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माले पहिलेपासून ठाऊक व्हतं. चोरस्ले नव्हतं. आते तू बठ्ठास्ले, आख्ख्या गावले सांगी उना!"