पंचवीस-बारा की बारा-पंचवीस?

सिद्राम फिटरनं माझ्या टेबलावर एक हुक ठेवला आणि अंगठ्यानं दाबला. कट्‌कन तुकडा पडला.

"साहेब, हे काय लोखंड हाय व्हय? कडक भाकरी हाय ही."

तो हुक बसवून जेमतेम पाच आठवडे झाले होते. बॉयलर नंबर दोनमध्ये असे बावीस हुक होते. त्यातले तीन तुटले होते आणि सुपरहीटरच्या नळ्यांची एक रांग खाली झुकली होती. मी तुकडा खिशात घातला, बॉयलर हाउसमध्ये गेलो आणि नंबर दोन थंड करायला सांगितलं. सोलापूरच्या त्या गिरणीत तेव्हा दोनच बॉयलर चालू होते. एक बंद म्हणजे अर्धे माग बंद.

सुपरहीटर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. बॉयलरमधून निघणारी वाफ ओलसर असते. इंजिनात जाण्याआधी तिला नळ्यांमधून पुन्हा आगीच्या वाटेवर फिरवतात, म्हणजे ती कोरडी आणि जास्त गरम होते. या नळ्या भट्टीच्या धुरात हुकांना टांगलेल्या असतात. नळीच्या पोटातून वाफ वाहते, त्यामुळे नळी थोडीफार निवते. हुकाला मात्र तशी काही सोय नसते. तो रात्रंदिवस लाल होऊन उभा. म्हणून हुकांना साधं लोखंड चालत नाही. लोखंडात क्रोमियम आणि निकेल हे दोन धातू घालून केलेली खास जात लागते. हुक गेले की नळ्या लोंबकळतात, सांधे सुटतात आणि सुटलेल्या सांध्यासमोर जो माणूस उभा असेल तो संपतो.

आधीचे हुक बॉयलरबरोबर विलायतेहून आले होते. ते नऊ वर्षं टिकले आणि झिजून बारीक झाले म्हणून आम्ही नवे मागवले. विलायतेच्या कारखान्यानं कळवलं, चार महिने लागतील. मॅनेजर दलालसाहेबांना चार महिने हा शब्दच सोसत नसे. त्यांनी मुंबईच्या एका आयात कंपनीचे एजंट पिंटो यांना बोलावलं. पिंटो आले ते एक भलामोठा तक्ता घेऊनच.

त्या तक्त्याचं नाव होतं इक्विव्हॅलंट ग्रेड्स. म्हणजे समान प्रतीचे माल. त्या काळी या धातूंना सगळ्यांचं मिळून एक असं नाव नव्हतं. एक कारखाना आपल्या मालाला ऐटबाज नाव द्यायचा, दुसरा नुसतं अक्षर, तिसरा आकडा. एकाच माणसाला घरी नाना, कचेरीत नारायणराव आणि सासुरवाडीला जावईबापू म्हणावं, तशातली गत. तक्त्यात आडव्या ओळीत ही सगळी नावं मांडलेली. आमच्या जुन्या हुकांवरच्या खुणेसमोर त्यांच्या मालाचं नाव छापलेलं होतं.

मी विचारलं, "यात क्रोमियम किती, निकेल किती?"

पिंटो हसले. "ते कारखान्याचं सीक्रेट असतं, इंजिनिअरसाहेब. तक्ता बघा ना. सेम ओळीत आहे."

"ओळ सेम आहे, पण माल सेम आहे का?"

दलालसाहेब म्हणाले, "अहो, छापलंय ते. छापील गोष्टीवर तुमचा विश्वास नाही का?" आणि त्यांनी ऑर्डरवर सही केली. मीही खाली सही केली. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

तर आता ते हुक भाकरीसारखे मोडत होते. मुंबईला तार गेली. तिसऱ्या दिवशी पिंटो हजर झाले, रुमालानं नाक धरून बॉयलर हाउसमध्ये दोन मिनिटं उभे राहिले आणि त्यांनी निकाल दिला.

"ओव्हरफायरिंग. तुमच्या लोकांनी भट्टी बेफाम पेटवली आहे. माल जळला."

आमचे हेड फायरमन होते इमामभाई. वीस वर्षं त्या भट्ट्यांसमोर उभा राहिलेला माणूस. ज्वाळेचा रंग बघून ते किती उष्णता आहे ते सांगायचे आणि पायरोमीटर त्यांच्याशी सहमत व्हायचा. पायरोमीटर म्हणजे भट्टीची उष्णता मोजायचं यंत्र. त्याच्या रोजच्या नोंदी मी दलालसाहेबांपुढे ठेवल्या. एकही आकडा हद्दीबाहेर नव्हता.

"नोंदी तुमचेच लोक करतात ना?" दलालसाहेब म्हणाले. दुपारी इमामभाईंच्या हातात कागद पडला. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही.

मला इतका राग आला होता, की मी त्या दिवशी डबाच उघडला नाही. पण रागानं बॉयलर चालत नाही. आधी माग सुरू करायचे होते. जुने झिजलेले हुक भंगारात पडले होते. मी सिद्रामला म्हटलं, त्यातले बरे निवडून काढ, नवे येईपर्यंत कमी दाबावर चालवू. त्यानं उकरून वीस काढले.

"बावीस होते ना रे?"

सिद्रामनं वीस हुक पुन्हा एकदा मोजले. "दोन घरी हायेत साहेब. कुंभारीला. मंडळींनी चुलीत घातल्यात, तवा टेकवायला. लई टिकत्यात की. उद्या आणतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं दोन्ही हुक आणून दिले. स्वच्छ घासलेले होते. बायकोनं काय म्हटलं ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

त्याच दुपारी इमामभाई गेटवर आले. आत यायची मनाई होती, म्हणून मीच बाहेर गेलो. निंबाच्या झाडाखाली त्यांनी माझ्या हातातला तुटका हुक घेतला, उन्हात फिरवून बघितला, वास घेतला.

"साब, जळलेलं लोखंड मी लई बघितलंय. त्याला पापुद्रे सुटतात, काळे. वरून झिजत जातं. हे बगा, वरून फुगलंय आणि आतून फुटलंय. हे कडेला बारीक मणी दिसतात की नाय? डाग दिल्यासारखे? ये जल्या नै साब. सड्या सो है."

जळलेलं नाही, सडलेलं आहे. आगीत वस्तू सडते कशी? मग डोक्यात प्रकाश पडला. धूर! आमचा कोळसा स्वस्तातला. त्यात गंधक भरपूर. भट्टी उघडली की घसा खवखवायचा. एका जुन्या पुस्तकात मी वाचलं होतं, की निकेलचं आणि गंधकाचं वैर आहे. गरम निकेलला गंधकाचा धूर लागला, की दोघांचं मिळून असं काही तयार होतं जे कमी उष्णतेतच वितळतं आणि धातूच्या कणाकणांमधून आत शिरतं. वरून हुक जागेवर, आतून पोकळ.

म्हणजे प्रश्न एवढाच होता, की या हुकांत निकेल किती?

गिरणीच्या रंगखात्यात आगाशे नावाचे केमिस्ट होते. कमी बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधणारे. मी त्यांच्यापुढे एक जुना आणि एक नवा तुकडा ठेवला.

"माझं काम इंडिगोचं," ते म्हणाले.

"माणसाची नोकरी जातेय, आगाशे."

त्यांनी चष्मा खाली घेतला. "निकेल ओळखायची एक पूड असते. माझ्याकडे नाही. पुण्याच्या कॉलेजात मित्र आहे, त्याच्याकडून मागवतो. बाकी लोखंड मध्ये येऊ नये म्हणून टार्टारिक ऍसिड लागतं, ते रंगखात्यात पिंपभर आहे."

पूड चार दिवसांनी आली. आगाशेंनी दोन्ही धातूंचा कीस ऍसिडात विरघळवला आणि त्यात पूड टाकली. निकेल असलं की लाल साका बसतो. जुन्या तुकड्याच्या भांड्यात तळाला लाल थर बसला. नव्याचं भांडं गुलाल कालवल्यासारखं झालं. मला तिथंच ओरडावंसं वाटलं. आगाशे मात्र साका गाळून, वाळवून, तोलून दुसऱ्या दिवशी बोलले.

"जुन्यात शंभरात बारा भाग निकेल, पंचवीस क्रोमियम. नव्यात बासष्ट निकेल, पंधरा क्रोमियम. हे दोघे भाऊ तर नाहीतच, एका गावचेही नाहीत."

मी कागद घेऊन दलालसाहेबांकडे गेलो. पिंटो अजून सोलापुरातच होते, दुसऱ्या गिरणीत तक्ता दाखवत. त्यांना बोलावून घेतलं.

कागद वाचून पिंटो जराही गडबडले नाहीत. "बघा, म्हणजे आमच्या मालात निकेल पाचपट! निकेल महाग असतं. तुम्हाला तुमच्या जुन्यापेक्षा वरचा माल मिळाला."

"मग तो एका ओळीत कसा?"

"दोन्ही तेवढीच उष्णता सोसतात. इक्विव्हॅलंट."

"कुठल्या हवेत?"

त्यांनी तक्ता उलगडला. मी तळाशी बोट ठेवलं. मुंगीएवढ्या अक्षरात छापलं होतं, स्वच्छ हवेतील चाचणीवरून. विजेच्या भट्टीत घेतलेली चाचणी. आमच्या धुराड्यातून निघणाऱ्या पिवळट लोटाला स्वच्छ हवा म्हणणारा माणूस अजून जन्मायचा होता.

दलालसाहेब पिंटोंना म्हणाले, "पंचवीस-बारा पाठवा. लवकर."

मी मध्येच बोललो, "साहेब, पंचवीस कशाचे आणि बारा कशाचे, ते लिहा."

"अहो, आता काथ्याकूट पुरे करा. आकडे दिलेत ना?"

दहा दिवसांनी पेटी आली. हुकांवर आकडे चक्क ओतलेले होते, बारा-पंचवीस. मी पेटी तशीच रंगखात्यात नेली. आगाशेंनी मला बघताच हातातलं काम खाली ठेवलं. निकाल आला, निकेल पंचवीस, क्रोमियम बारा. नेमकं उलटं! हे हुक ओतणारा कारखाना क्रोमियम आधी लिहीत होता. पिंटोंनी मुंबईला नुसते आकडे कळवले होते, आणि तिथल्या गोदामानं पंचवीस म्हणजे निकेल असं धरून, आकडे फिरवून, जो माल जुळला तो उचलून पाठवला होता.

दलालसाहेब वैतागले. "पंचवीस-बारा काय आणि बारा-पंचवीस काय! तेच दोन आकडे आहेत. बसवून टाका."

दलालसाहेब कापडातले माणूस. त्यांना धातू कळत नव्हता, पण सूत कळत होतं.

"साहेब, ताण्याला वीस नंबरचं सूत आणि बाण्याला तीस नंबरचं, अशी ऑर्डर आहे. विणकरानं ताण्याला तीस घातलं आणि बाण्याला वीस. तेच दोन आकडे आहेत. गिऱ्हाईकाला पाठवू?"

दलालसाहेब ताडकन म्हणाले, "गाठोडं तोंडावर फेकेल तो!" आणि मग तारेचा कोरा कागद माझ्यापुढे सरकवला.

या वेळी तार मी लिहिली. क्रोमियम पंचवीस, निकेल बारा, बाकी लोखंड, धूर गंधकाचा. तारमास्तरनं शेवटचे दोन शब्द चुकून आलेत का, असं विचारलं. मी म्हटलं, तेच महत्त्वाचे आहेत.

तिसरी पेटी बरोबर निघाली. आगाशेंनी पेटीतला एक हुक तपासल्याशिवाय मी सिद्रामला पाना उचलू दिला नाही. पहिला हुक तुटल्यापासून एकूण सात आठवडे गेले होते. विलायतेच्या चार महिन्यांपैकी निम्मे गेले, आणि वर दोन पेट्या भंगार.

इमामभाईंना परत बोलावणं गेलं. कागदावर एवढंच होतं, उद्यापासून कामावर हजर व्हावे. कारण नाही, चूक झाली असं नाही. ते माझ्याकडे आले.

"साब, मला मॅनेजरसाबची माफी नको. पण माझ्या दोन्ही पोरांना शेजारी विचारतात, अब्बानं बॉयलर जाळला का? कुठंतरी लिहून ठेवा, की नाय जाळला."

मी दलालसाहेबांकडे तसं पत्र मागितलं. त्यांनी फाइल चाळली, घड्याळ बघितलं, बघू म्हणाले. ते बघू तसंच राहिलं. शेवटी बॉयलरच्या लॉगबुकात, जे इन्स्पेक्टर दर वर्षी वाचून सही करतो, मी लाल शाईनं लिहिलं, 'हुक तुटले ते चुकीच्या धातूमुळे. फायरिंगमध्ये कोणताही दोष नव्हता.' खाली नाव, हुद्दा, सही. आगाशेंनीही सही केली, कुणी सांगितलेलं नसताना. इमामभाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. मग पगडी सारखी केली आणि फावडं उचलून भट्टीकडे गेले.

ते हुक मी गिरणी सोडेपर्यंत टिकले. त्यानंतरच्या माझ्या प्रत्येक मागणीपत्रावर धातूचं नाव शेवटी आणि त्यात काय किती हवं ते आधी असायचं. दलालसाहेब म्हणायचे, तुमची मागणीपत्रं फार लांब असतात. असतील. समान माल आहे असं कुणी म्हटलं, की कशात समान, एवढं विचारावं. उत्तर येईपर्यंत पेटी उघडू नये.