फेस, पोती आणि माझी मान

किराणा दुकानात साखरेपेक्षा गप्पा जास्त सांडतात. साखर झाडून टाकता येते. गप्पा मात्र बाकाखाली साचत राहतात. कर्जतजवळच्या चौक गावात आमच्या दुकानाबाहेर असाच एक बाक आहे. त्याखाली सध्या नुसती कॉफी साचलीय!

आधी माझी एक सवय सांगतो. मी कुणाला चटकन तोंडी शब्द देत नाही, मान हलवतो. "शेठ, उद्या चांगला गूळ येईल ना?" मान. "शेठ, गव्हाला किडे आहेत, बदलून द्याल ना?" मान. हलवलेल्या मानेला साक्षीदार कुठून आणणार? ही विद्या शाळेत मिळत नाही, गल्ल्यावर बसून येते.

तर माझ्या बायकोनं, सुनंदानं, मोबाइलवर एक कॉफी पाहिली. इन्स्टंट कॉफी, साखर आणि गरम पाणी सारखं घ्यायचं, घट्ट फेस येईपर्यंत फेटायचं आणि बर्फ घातलेल्या थंड दुधावर ठेवायचं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. बाकी मनगट!" मग हळूच म्हणाली, "अहो, फ्रिजजवळची पोह्यांची पोती हलवली तर माझं टेबल बसेल. शनिवार-रविवारी गाड्या थांबतात, मी विकेन. एवढा कोपरा द्या ना."

मी मान हलवली. पोती हलली नाहीत.

•

कॉफीचं वेड मात्र आळीभर पसरलं. शेजारच्या शेवंताकाकू म्हणाल्या, "चमच्यानं कोन बसतंय फेटत?" आणि त्यांनी थेट ताकाची रवी घातली. दोरी ओढली मात्र, पातेल्यातली चमचाभर कॉफी भिंतीवर! तेवढ्यात काका दारात आले. बनियनवर शिंतोडे.

"काय गं हे?"

"कॉफी हाय. तुमी घेतलीत, आता मला घिऊ द्या!"

•

गुरुजी रिटायर झालेत, पण चुका काढायचं सुटलेलं नाही. हात दुखेस्तोवर फेटूनही त्यांना फेस येईना. दुकानात आले ते गरजतच. "शेठ, तुमची साखर भेसळीची आहे!"

सुनंदानं त्यांचं पाकीट हातात घेतलं. जावयानं बंगळूरहून आणलेलं. "गुरुजी, ही फिल्टर कॉफी. फेटायची नाही, गाळायची."

"मग पाकिटावर तसं लिहायला नको?"

लिहिलं होतं. कन्नडमध्ये!

•

आमचा टेंपोवाला बंडू तर फेटायच्या भानगडीतच पडला नाही. घट्ट झाकणाच्या बरणीत सगळं भरलं, बरणी सीटखाली ठेवली आणि भाडं घेऊन कर्जतला गेला. पोचला तर फेस तयार!

तेव्हापासून कुणी रस्त्याची तक्रार केली की बंडू हात जोडतो. "खड्डे बुजवू नका रं, आमची कॉफी बिघडंल!"

•

मग तो रविवार. पळसदरीला सहलीला निघालेल्या एका कुटुंबाला सुनंदानं घरातून ग्लास भरून दिले. मंडळी खूश! "संध्याकाळी परतताना मिळेल ना?"

सुनंदानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

संध्याकाळी गाडी थांबली, तेव्हा फ्रिजमधलं दूध मी केव्हाच विकून टाकलं होतं. गाडी गेली. सुनंदा वाडगा विसळायला आत गेली. मला वाटलं, विषय मिटला.

•

दुसऱ्या दिवशी मी लग्नाला निघालो होतो. पांढराशुभ्र, इस्त्रीचा शर्ट. निघण्याआधी जरा बाकावर टेकलो. बंडू, गुरुजी, शेवंताकाकू, सगळे हजर. सुनंदा वाडग्यात कॉफी फेटत बाहेर आली.

"फेस जमला की नाही, कसं बघतात माहितीय? वाडगा पालथा घालायचा. पडला नाही, तर जमला."

"मग घाल की!" मी म्हणालो.

तिनं घातला. माझ्या टकलावर, टोपीसारखा. आणि हात काढून घेतला.

बाकावरचे सगळे वाकून बघायला लागले. थेंबसुद्धा खाली आला नाही.

"जमला, जमला! उचल आता!"

"कोपरा देताय ना?"

मी सवयीनं...

"अंहं! मान हलवू नका, पडेल. तोंडानं बोला. आणि जरा मोठ्यानं, गुरुजींना कमी ऐकू येतं!"