सावलीबरोबर सरकणारे साडू

सावलीची खरी पारख असलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो दुर्दैवाने माझा साडू आहे. साडू लव्हालला राहतात, आम्ही किचनरला. मध्ये साडेसहा तासांचं ड्रायव्हिंग आहे, पण माझ्या मते ते अंतर पुरेसं नाही. कुठेही गेलं तरी हा गृहस्थ आधी बसायची जागा शोधतो. जुलैत ग्रोसरीला गेले की पार्किंग लॉटमधल्या एकुलत्या एक झाडासाठी तीन चकरा मारतात आणि मग तिथून दुकानाच्या दारापर्यंत उन्हातून चालत जातात. मी मोजलीयत, तीनशे चाळीस पावलं. थंडीत हाच कार्यक्रम उलटा होतो. हॉलच्या गालिच्यावर उन्हाचा जो चौकोन पडतो, त्यात चहाचा कप घेऊन बसतात आणि तासातासाने त्याच्याबरोबर सरकतात. एका मे महिन्यात आम्ही सगळे ओटावाला ट्युलिप बघायला गेलो. मी पाटीवरची नावं वाचत अठरा वाफे पूर्ण केले. साडू पहिल्याच बाकावर बसले होते. ‘‘उठा की,’’ मी म्हटलं. ‘‘कशाला? इथून सगळी एकदम दिसतात,’’ ते म्हणाले. माझी बायको हसली. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर लक्ष ठेवून आहे.

तीन वर्षांपूर्वी साडू आणि ताई, म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण, इटलीला गेले. रोमजवळच्या एका दोन हजार वर्षं जुन्या शहराच्या अवशेषांत त्यांनी अख्खा दिवस काढला आणि त्या दिवसात एक भिंत पाहिली. एक! सकाळी भिंतीच्या पश्चिमेला, भर दुपारी कोपऱ्यातल्या वीतभर सावलीत पाय पोटाशी घेऊन, आणि उन्हं कलल्यावर पूर्वेला. फोटोही एकच, दोघांच्या चपलांचा. ताई ही गोष्ट सांगताना ‘‘आम्ही भिंतीला प्रदक्षिणा घातली गं,’’ म्हणते. माझ्यासमोर सात वेळा सांगून झाली आहे आणि बायको सातही वेळा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आहे. मी तिला इतकं हसवल्याची शेवटची तारीख आठवून पाहिली. सापडली नाही.

म्हणून गेल्या जुलैत मी तिला त्याच ठिकाणी नेलं. साडूंनी एक भिंत दाखवली, मी एकतीस जागांची यादी केली होती, चालण्याच्या क्रमाने. सदतीस डिग्री तापमान होतं. साडेबारापर्यंत एकोणीस जागा झाल्या, आणि एका छत्रीसारख्या पाइनखाली बायको बसली.

‘‘तुम्ही जाऊन या. मी बसते.’’

‘‘अगं, बाराच राहिल्यात.’’

‘‘मग बारा बघून या.’’

मी गेलो. स्नानगृहं, भट्ट्या, थिएटर, एका रांगेत वीस जण बसतील असे दगडी शौचकूप, सगळं उरकून दोन तास दहा मिनिटांनी परत आलो. सावली सरकली होती, तिच्याबरोबर बायकोही. शेजारी एक इटालियन आजीबाई होत्या आणि दोघी अनवाणी बसून पीच खात होत्या. ‘‘एकतीसपैकी एकतीस,’’ मी म्हटलं. ‘‘छान,’’ ती म्हणाली. पीच संपलं होतं.

ऑगस्टमध्ये आम्ही लव्हालला गेलो. जेवताना साडूंनी विचारलं, ‘‘मग मेहुणीबाई, काय काय बघितलंत?’’ आणि बायको सुरू झाली. मी सावलीत बसले, मी चपला काढल्या, मग त्या आजी आल्या, त्यांचाही नवरा कॅमेरा घेऊन कुठे कुठे फिरत होता, हे त्यांनी मला खुणांनी चालून दाखवलं... तिने ती चाल टेबलाभोवती करून दाखवली. चाल माझीच होती. सगळे हसले, मीही हसलो. पण भात कालवताना माझ्या लक्षात आलं, की ही सगळी गोष्ट मी नसलेल्या दोन तास दहा मिनिटांतली आहे. सकाळच्या ज्या चार तासांत मी शेजारी होतो, त्यांतलं एक वाक्यही तिच्याकडे नव्हतं. सगळी गोष्ट ‘मी, मी’ अशी होती. ताईची ‘आम्ही’ने सुरू होते.

साडू मात्र हसता हसता थांबले होते. निघताना दाराशी मी बूट घालत होतो, तेव्हा हळूच म्हणाले, ‘‘साडूबुवा, तुमचे फोटो हिला पाठवा हो. हिला ते थिएटर बघायचं होतं. माझ्यामुळे राहिलं. बोलत नाही ती कधी.’’ मी सहाशे बारा फोटो पाठवले. ताईने एकूण एक बघितले, आणि शौचकूप कुठल्या काळातले, हेही विचारलं. मला बरं वाटलं. पण असं कबूल करणंही त्या माणसाला माझ्याआधी जमलं, याचा राग आला तो आलाच.

परवाच्या रविवारी बायको घरामागच्या लाकडी डेकवर मेपलच्या सावलीत खुर्ची टाकून बसली होती. बेसमेंट आवरायचं माझ्या यादीत होतं. मी दुसरी खुर्ची आणली. काही वेळाने ऊन तिच्या पायांवर आलं, तिने खुर्ची सरकवली. मीही सरकवली. ‘‘काय झालंय तुम्हाला?’’ तिने विचारलं. ‘‘काही नाही,’’ म्हटलं. चार वाजेपर्यंत आम्ही पाच वेळा सरकलो, आणि कशावर बोललो ते मला नीट सांगता येणार नाही. मग ताईचा फोन आला. ‘‘काही नाही गं,’’ बायको म्हणाली, ‘‘आज दिवसभर आम्ही नुसते डेकवर. आम्हीसुद्धा सरकतोय तुमच्यासारखे.’’

‘आम्ही’ दोनदा म्हणाली. मी मोजलं.